बेचाळीस लाखांची कवळी

४ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून आश्चर्य वाटेल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मामींना सांगावं तर तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत निरोपाला पाय फुटतात. म्हणून लिहूनच कळवतो. पॉलिशचं चाक बंद करून, स्टुलावर नीट बसून वाचा.

विमा कंपनीतली नोकरी मी सोडली. घाबरू नका, पूर्ण विचार करून सोडली. आता मी नावांचा मूल्यमापक आहे. माणसांच्या नावांचा नव्हे, इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नावांचा. भर चौकातल्या गाळ्याला जसा भाव असतो तसाच या नावांनाही असतो. फरक एवढाच की गाळा दिसतो आणि नाव दिसत नाही, त्यामुळे तो भाव सांगायला जाणकार माणूस लागतो. मी त्याचा वर्ग केला. वर्गात पहिला आलो.

सरावासाठी जुन्या नावांच्या याद्या चाळत होतो, तर समोर काय यावं? कवळी डॉट कॉम! आणि मालक कोण, तर तुम्ही! मामा, लोक अशा नावासाठी दाताच्या कण्या करतात आणि तुम्ही इतकी वर्षं सोन्याच्या खाणीवर स्टूल टाकून बसला आहात. खाली वाकून पाहिलंत का कधी?

मी रीतसर मूल्यमापन केलं. बेचाळीस लाख.

मामींना एकदम सांगू नका.

तुमचा,
जावई


१५ फेब्रुवारी

चि. जावईबापूंना,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र चाक बंद करून वाचलं, मग चाक चालू करून वाचलं. दोन्ही वेळा आकडा तोच निघाला.

ते पान आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याने केलं होतं. तेव्हा तो हे सगळं शिकत होता आणि त्याला हात साफ करायला कोणीतरी हवं होतं. पानावर माझा केस असतानाचा फोटो आहे, दुकानाचा नंबर आहे आणि एक ओळ आहे: ‘तुटलेली कवळी त्याच दिवशी जोडून मिळेल.’ त्यावरून रोज एखाददुसरा फोन येतो. तो तुमच्या सासूबाई घेतात. परवा एक वकीलसाहेब आले होते. खुर्चीवर काढून ठेवलेल्या स्वतःच्याच कवळीवर बसले होते. स्वतःचे दात स्वतःलाच चावलेला माणूस मी धंद्यात पहिल्यांदा पाहिला. तर असा हा व्याप. यात बेचाळीस लाख कुठे दडले आहेत ते मला भिंग लावूनही दिसेना.

दोन शंका आहेत. एक, हा आकडा काढलात कसा? दोन, नोकरी सोडली की सुटली? व्याकरणाचा प्रश्न आहे, राग मानू नये.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. पाकीट त्यांनीच फोडलं होतं.

तुमचा,
मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमची पहिली शंका अत्यंत मार्मिक आहे. तिचं उत्तर सविस्तर देतो.

मूल्यमापन हे शास्त्र आहे. नाव आखूड हवं. कवळी आखूड आहे. नाव उच्चारायला सोपं हवं; ज्याच्या तोंडात एकही दात नाही तोही ‘कवळी’ म्हणू शकतो. मग येते हाक-चाचणी. गर्दीत उभं राहून नाव मोठ्याने ओरडायचं आणि किती जण ते बिनचूक लिहितात ते पाहायचं. मी बस थांब्यावर जाऊन ओरडलो. लिहिलं कोणी नाही, पण तिघांनी तोंडाला हात लावून पाहिला. याला आमच्यात ‘ओळख’ म्हणतात.

शेवटी तुलना. ‘पलंग डॉट कॉम’ अठरा लाखांना गेल्याचं आमचे वर्गाचे सर सांगतात. माणूस पलंगावर आठ तास असतो, कवळी तोंडात सोळा तास असते. म्हणजे दुप्पट, छत्तीस लाख. शिवाय हे नाव ऐकून माणूस हसतो. हसण्याचे सहा लाख. झाले बेचाळीस. यात कुठे अंदाज आहे का, सांगा.

सोबत प्रमाणपत्र जोडलं आहे. सोनेरी किनार मुद्दाम घेतली.

आता तातडीने एक करा. ते पान बंद करा. भाडेकरू बसलेल्या जागेपेक्षा रिकाम्या जागेला भाव जास्त. पानावर फक्त ‘हे नाव विक्रीस आहे’ एवढंच ठेवू. आणि नावाची वर्षाची फी भरण्याच्या सूचना, चौकश्या वगैरे माझ्या मेलवर वळवून घेतो. तुम्हाला त्रास नको.

माझ्याकडे माझी स्वतःची अशी दोनशेच्या वर नावं आहेत. सगळ्यांचं मूल्यमापन मीच केलं. हिशेब पाहिला तर तुमची लेक कोट्यधीशाच्या घरात पडली आहे.

तुमचा,
जावई


२० मार्च

चि. जावईबापूंना,
आशीर्वाद.

पान बंद केलं. झेरॉक्सवाला हळहळला, म्हणाला, चांगला फोटो होता. तेव्हापासून फोन वाजलेला नाही. शांतता महाग असते म्हणतात, तिचा भाव आता कळला.

प्रमाणपत्र सासूबाईंनी चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं आहे. येणारा प्रत्येक जण आधी ते वाचतो, मग बसतो आणि मग माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. घरमालक मला ‘अहो कवळीवाले’ म्हणायचा, तो आता ‘काका’ म्हणतो. दातांचे डॉक्टर कामं पाठवताना पूर्वी पोऱ्याबरोबर डबा पाठवायचे, परवा स्वतः आले. जाताना म्हणाले, “आता कशाला हात खराब करता?” आणि वाचनालयाने मला वार्षिक सभेचा अध्यक्ष केलं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो, तिसरं आठवेना, तरी टाळ्या. मी त्या वाचनालयात पूर्वी वर्तमानपत्र वाचायला जायचो तेव्हा ग्रंथपाल पंखा बंद करायचा.

पैसा अजून आलेला नाही, पण आल्यावर जे होतं ते सगळं होऊन गेलं आहे.

सहज म्हणून झेरॉक्सवाल्याकडे बसून मी आणखी चार नावं घेतली: जबडा, हिरडी, सुळा आणि दंतकथा. दंतकथेची किंमत काय लावाल? मोकळेपणाने सांगा, माझ्या मनाची तयारी आहे.

तुमचा,
मामा


२ एप्रिल

ती. बाबा,

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर आईने आधी वाचलं असतं आणि मग सगळ्या आळीने.

बाबा, यांनी नोकरी सोडलेली नाही. कंपनीने त्यांचा विभागच बंद केला. त्या दिवशी हे नेहमीच्या वेळेला घरी आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, “आता मी स्वतंत्र झालो.” मी खूश झाले. मला वाटलं, साहेब झाले.

आजवर यांचं एकही नाव विकलेलं नाही. नावं विकत मात्र रोज घेतात. मग त्यांना किंमत लावतात, ती लिहितात आणि त्या दिवशी जेवण बरं जातं. परवा दूधवाला बिल मागायला आला, तर हे त्याला म्हणाले, “आपल्याकडे ‘गारवा’ आहे, त्याचेच नऊ लाख होतात.” तो म्हणाला, “गारवा राहू द्या, दुधाचं बघा.” मी शाळेतल्या पगारातून देऊन टाकलं. हे दाराआड उभे होते. बाहेर आलेच नाहीत.

ते वाईट नाहीत हो. इतकी वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाला एका दुपारी कोणी सांगतं की तुझी गरज नाही, मग तो काय करणार? त्यांना कोणी किंमत देईना, म्हणून ते जगाला किंमत द्यायला निघाले आहेत.

तुमचं ते ऐकतात. तुम्ही एकदाच स्पष्ट लिहा की हा सगळा पोरखेळ आहे. पण मी सांगितलं असं कळू देऊ नका.

तुमची,
ठकी


११ एप्रिल

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तू लहानपणापासून घाबरट. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायचीस.

विभाग बंद झाला म्हणतेस. झाला असेल. मोठमोठ्या माणसांचे विभाग बंद होतात. पण तुझा नवरा काय चीज आहे हे तुला घरात बसून कळायचं नाही. पलंगावरून कवळीचा भाव काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मी स्वतः त्याच पद्धतीने ‘जबड्या’चा भाव काढला. माणूस जबडा झोपेतसुद्धा वापरतो, म्हणजे चोवीस तास. चोपन्न लाख येतात. दोनदा ताळा केला.

दात कोरून पोट भरत नाही, असं मीच तुला शिकवलं, मान्य. पण हे कोरणं नव्हे.

माझ्याकडे आता एकतीस नावं आहेत. दुकानात हल्ली फार वेळ बसत नाही. एक आजी दोन तुकडे रुमालात बांधून आल्या होत्या, त्यांना म्हटलं पुढच्या आठवड्यात या. त्या म्हणाल्या, “तोवर खाऊ काय?” लोकांना घाई फार.

आणि समज, तू म्हणतेस तसं हे सगळं खोटं निघालं, तर मी वाचनालयात कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांनी नव्या कपाटावर घालायला माझं नाव रंगाऱ्याला दिलं आहे. तेव्हा हे खोटं नाही.

दुधाचे पैसे सोबत पाठवतो आहे. जावईबापूंना सांगू नकोस.

तुझा,
बाबा


८ जून

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. कवळीला गिऱ्हाईक आलं! खरं, हाडामांसाचं, उलट प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक. लहान मुलांसाठी गोष्टी तयार करणारी कंपनी आहे. त्यांच्या भाषेत ‘कवळी’चा अर्थ म्हणे कोवळं पान असा काहीतरी होतो. आपल्याकडे काय होतो ते मी सांगितलं नाही.

ते तीन लाख देताहेत. एकरकमी.

मामा, घ्या. लगेच घ्या. मी तुम्हाला हात जोडून सांगतो. बेचाळीसचा आकडा शास्त्राप्रमाणे बरोबरच होता, पण बाजार सध्या मंद आहे, आणि समोरचा माणूस पैसे घेऊन उभा असणं हीसुद्धा एक तुलनाच असते. आमच्या वर्गात ती शिकवली नव्हती.

त्यांचा पत्ता खाली देतो. तुम्ही फक्त ‘मान्य’ एवढा शब्द कळवा, बाकीचं मी पाहतो.

तुमचा,
जावई


१५ जून

चि. जावईबापूंना,
आशीर्वाद.

तीन लाख? अहो, तीन लाख हे तर निव्वळ हसण्याचेसुद्धा होत नाहीत. त्याचे सहा तुम्हीच लावले होतेत!

तुमच्या सहीचा, सोनेरी किनारीचा कागद माझ्या भिंतीवर आहे. गाव तो वाचून जातं. उद्या मी तीन लाखांना नाव दिलं तर लोक म्हणतील, एक तर सासरा मूर्ख, नाहीतर जावई. मला दोन्ही नको.

तुम्ही माणूस भला, पण व्यवहारात मवाळ. म्हणून मीच त्या कंपनीला परस्पर कळवून टाकलं: पंचावन्नच्या खाली बोलणं नाही. गिऱ्हाईक दारात आलं म्हणजे भाव चढतो, एवढं तर कवळ्या करणाऱ्यालाही कळतं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. आकडा ऐकून पैशांची जमवाजमव करत असतील.

दर महिन्याच्या एक तारखेला ताजं मूल्यमापन पाठवत जा. सासूबाई चौकटीतला कागद बदलतील.

तुमचा,
मामा


३० जुलै

ती. बाबा,

कंपनीचं उत्तर येणार नाही. त्यांनी ‘कवळी’च्या पुढे एक अक्षर जोडून दुसरं नाव घेतलं, पावकिलो चहापत्तीच्या पैशांत. यांनीच शोधून काढलं. मला सांगताना हसले. बाबा, किती महिन्यांनी हसले.

आता तुमच्यापासून लपवलेलं सांगते. मे महिन्यापासून हे टायरच्या गोदामात कामाला जातात. आलेला माल मोजायचा, गेलेला माल लिहायचा. संध्याकाळी काळेकुट्ट हात घेऊन येतात, साबणाची वडी आठवड्याला संपते, आणि पाठ टेकली की झोप लागते. नावं घेणं बंद झालं. गिऱ्हाईक गेल्यापासून ती जुनी मेलसुद्धा उघडत नाहीत. म्हणतात, तिकडे नुसतं बघितलं तरी हात शिवशिवतात.

तुम्हाला सांगू नको म्हणाले. “मामांचा माझ्यावर विश्वास आहे, असा माणूस एकच उरला आहे,” असं म्हणाले. म्हणून गोदामातून आल्यावर दर एक तारखेला तुमच्यासाठी तो कागद तयार करतात. या वेळचा मी पाहिला: एक्केचाळीस लाख ऐंशी हजार. मी विचारलं, “हा आकडा कुठून काढला?” म्हणाले, “ताप उतरवतात तसा हळूहळू खाली आणतो आहे. एकदम उतरवला तर मामांना सोसायचं नाही.”

त्यांच्या वेगाने तुम्ही भानावर यायला फार वर्षं जातील, म्हणून मी लिहिते आहे.

तुमची,
ठकी


१४ ऑक्टोबर

चि. जावईबापूंना,
आशीर्वाद.

टायर मोजून दमला असाल. हो, मला ठाऊक आहे. ठकीवर रागावू नका.

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण द्यायला तोंड नव्हतं. कवळ्या करणाऱ्याने असं म्हणणं म्हणजे कमालच. ते पत्र वाचून मी दुकानात गेलो, चाक चालू केलं आणि घासायला काही नाही हे लक्षात आलं. डॉक्टरांना वाटलं मी धंदा आवरला, त्यांनी कामं पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाकडे वळवली. रुमालवाल्या आजीही तिकडेच गेल्या. पान बंद, फोन बंद. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन, रांगेत बसून, नंबर आल्यावर आत जाऊन सांगितलं की मी अजून हात खराब करतो. ते म्हणाले, बघू.

मग ठरवलं की झालं तेवढं पुरे, आपलं जुनं पान परत लावू. झेरॉक्सवाल्याने उघडून पाहिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. पान दुसऱ्याच कोणाचं आहे. वर लिहिलं आहे: ‘हे नाव विक्रीस आहे. बेचाळीस लाख.’

हे काय आहे? माझं नाव माझ्या हातून गेलं कसं? मी तर विकलं नाही. विकायची तर मला हौस होती!

तुमचा,
मामा


२० ऑक्टोबर

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

चूक माझी. वर्षाची फी भरण्याच्या सूचना माझ्या मेलवर येत होत्या आणि मी ती मेल उघडत नव्हतो. मुदत गेली, नाव मोकळं झालं आणि टपून बसलेल्याने उचललं.

उचलणारा माझ्याच वर्गातला निघाला. आम्ही त्याला टोपीवाला म्हणायचो. वर्गात दुसरा आलेला. मी फोन केला तर म्हणाला, “बेचाळीस लाख मी म्हणत नाही, तूच म्हणतोस. तू आम्हा सगळ्यांना पाठवलेल्या प्रमाणपत्रावर तुझीच सही आहे. आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस तू.” मामा, माझ्या हुशारीवर विश्वास ठेवणारी माणसं जगात दोन, आणि दोघांनी मिळून मला खड्ड्यात घातलं.

मग मी त्याला रीतसर फेरमूल्यमापन पाठवलं. त्यातला मुख्य भाग तुमच्या माहितीसाठी:

‘कवळी हा शब्द ऐकून माणूस हसतो, ते दुसऱ्याची असेल तर. स्वतःवर वेळ आली की तो हा शब्द चारचौघांत उच्चारत नाही. ज्यांना कवळी लागते ते इंटरनेटवर शोधत नाहीत, आणि जे शोधतात ते डोळे किलकिले करून चुकीचं टाइप करतात. वस्तू पेल्यात बुडवून ठेवण्याची आहे, मिरवण्याची नाही. तरुण गिऱ्हाईक शून्य. जुनं गिऱ्हाईक टिकाऊ नाही. या नावाचा उपयोग असलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. त्याच्याखेरीज या नावाला कुत्रंही विचारणार नाही.’

टोपीवाला चार हजारांवर आला आहे. त्यालाही शेकडो नावांची फी भरायची आहे. पैसे मी पगारातून देतो. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमचा,
जावई


२९ ऑक्टोबर

चि. जावईबापूंना,
आशीर्वाद.

मी नाही म्हणतो.

तुमचं फेरमूल्यमापन वाचलं. सासूबाईंना वाचून दाखवलं नाही, मी एकट्यानेच सोसलं. ‘मिरवण्याची नाही’ म्हणे! अहो, माझ्या हातची कवळी लावून माणसांनी भाषणं केली, भांडणं केली, एका गृहस्थाने तर दुसरं लग्न केलं! बेचाळीस लाख म्हणालात तेव्हा मला हसू आलं होतं, चार हजार म्हणालात तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खोटं जास्त आणि खरं एवढं कमी, मधलं काही तुमच्या शास्त्रात आहे की नाही?

चार हजारांना मी माझं नाव परत घेणार नाही. माणसाला स्वाभिमान असतो.

सासूबाई म्हणतात, मी ठार वेडा आहे. आधी लोकांनी कमी दिले म्हणून विकलं नाही, आता लोक कमी मागतात म्हणून घेत नाही. तीन दिवस बोलणं बंद आहे. म्हणजे त्या बोलतात, मला ऐकू येत नाही असं मी दाखवतो.

तरी एक विचार आला. तुमच्या टोपीवाल्याला विचारा, घरात कोणी बोळकं आहे का? बहुतेक घरांत एखादं असतंच. असेल तर वरची-खालची पूर्ण कवळी मी करून देईन, माप घेण्यापासून चावा जुळेपर्यंत. त्याच्या बदल्यात नाव. या भावाला माझी तयारी आहे. याहून कमी मी घेणार नाही आणि देणारही नाही.

तुमचा,
मामा


५ डिसेंबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

जावईबापू काल इथून निघाले, तुझ्यापर्यंत पोहोचले असतीलच. पण ते धड काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

टोपीवाला आईला घेऊन आला. आई म्हणजे मूठभर बाई, तोंडाचं पार बोळकं. दोन वर्षं सगळं पातळ करून पिते आहे असं कळलं. मुलगा नावांचा व्यापार करतो आणि आईला दात नाहीत. माप घ्यायला बाई मागेच येऊन गेल्या होत्या, डॉक्टरांनी स्वतः घेऊन दिलं. काल बसवायचा दिवस. जावईबापूंनी गोदामातून रजा काढली होती. ते आणि टोपीवाला बाकावर एकमेकांकडे न बघता बसले होते, परीक्षेत नापास झालेली पोरं बसतात तशी.

मी कवळी बसवली. डाव्या बाजूला जरा उंच लागत होती, घासून सारखी केली. बाईंनी दोनदा चावून पाहिलं. मी कडक टोस्ट पुढे केला. बाईंनी तो उचलला आणि दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज झाला. ठके, मला हल्ली काही ऐकू येत नाही, पण तो आवाज मी ऐकला. बाईंनी अख्खा टोस्ट खाल्ला, कोणाला विचारलं नाही. मग दुसरा मागितला. टोपीवाल्याने टोपी काढून चेहरा पुसला आणि तिथेच झेरॉक्सवाल्याकडे जाऊन नाव माझ्या नावावर करून दिलं. पान पुन्हा लागलं. वाचनालयाच्या कपाटावरचं माझं नाव त्यांनी खरवडलं आहे, पण नीट पाहिलं तर वाचता येतं.

बाईंच्या जिभेला दोन वर्षांची धार साचली होती. त्यांनी जावईबापूंना विचारलं, “तू काय करतोस रे?”

“टायरच्या गोदामात आहे.”

“हं. टायर कळलं. आणि हा माझा काय करतो? विचारावं तर इंग्रजी फेकतो.”

जावईबापू घुटमळले. म्हणाले, “मावशी, तो नावं घेऊन ठेवतो. घेतली की ठेवतो, विकेपर्यंत.”

बाईंनी नवे दात एकमेकांवर आपटून बसवले आणि म्हणाल्या, “म्हणजे दिवसभर बसून नावं ठेवतो! मेल्या, ते तर मी जन्मभर फुकट करत आले!”

तुझी आई हसता हसता खुर्चीवरून सरकली. टोपीवालाही हसला. आणि जावईबापू तर असे हसले की बाकाला धरून उभे राहिले. मी इतक्या वर्षांत त्यांना तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं. ओठ मिटूनच हसायचे. तेव्हा दिसलं: उजवीकडे खालची शेवटून दुसरी दाढ किडली आहे. दुखत असणार, सांगत नाहीत.

या रविवारी त्यांना घेऊन ये. डॉक्टरांना मी सांगून ठेवलं आहे.

तुझा,
बाबा